आधी पाणी, मग मासे

प्रस्तावना

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेली काचपेटी येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. हिरव्या पाणवनस्पतींमधून बोटाच्या पेराएवढे मासे निळी-तांबडी रेघ चमकवत एकदम वळतात आणि पाहणारा क्षणभर थबकतो. हे मासे म्हणजे टेट्रा. ते महाग नसतात, कोणत्याही मोठ्या गावात मिळतात आणि त्यांना फारशी जागाही लागत नाही. म्हणूनच अनेक जण हौसेने काचपेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आणतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मासे एकामागून एक मरू लागतात. ‘हे मासे नाजूकच असतात’ किंवा ‘दुकानदाराने फसवले’ अशी समजूत करून घेऊन रिकामी काचपेटी माळ्यावर जाते.

खरे कारण बहुधा वेगळेच असते. ते कारण कोणते आणि ते कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला
• टेट्रा माशांचे मूळ स्थान व स्वभाव यांविषयी माहिती सांगता येईल;
• काचपेटीतील पाणी ‘तयार’ होण्याची प्रक्रिया स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल;
• एकत्र नांदणाऱ्या माशांची निवड कोणत्या निकषांवर करावी ते सांगता येईल;
• माहितीपर लेखातील कार्यकारणसंबंध ओळखता येईल.

मूळ पाठ

१. काळ्या पाण्यातील दिवे

‘टेट्रा’ हे एका माशाचे नाव नसून माशांच्या मोठ्या समूहाला रूढ झालेले नाव आहे. या समूहातील बहुतेक जाती दक्षिण व मध्य अमेरिकेतील गोड्या पाण्यात राहतात. काँगो टेट्रासारख्या काही जाती आफ्रिकेतील आहेत. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्या मध्ये असलेला एक इवलासा मांसल पर ही बहुतेक टेट्रांची खूण होय.

यांतील सर्वांत लोकप्रिय मासा म्हणजे निऑन टेट्रा. ऑगस्ट राबो या संग्राहकाला १९३० च्या दशकात तो पेरू देशातील ॲमेझॉनच्या खोऱ्यात सापडला. १९३६ मध्ये अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि मत्स्यपालनाविषयी लिहिणारे विल्यम इनेस यांच्या नावावरून त्याला ‘इनेसी’ असे जातिनाम दिले. त्याचाच जवळचा नातेवाईक कार्डिनल टेट्रा हा १९५६ मध्ये शास्त्राला परिचित झाला. दोघांना ओळखण्याची खूण सोपी आहे. निऑनच्या अंगावरील तांबडा पट्टा शरीराच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो, तर कार्डिनलचा तांबडा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड जातो.

कार्डिनलचे माहेर म्हणजे ब्राझीलमधील रिओ नेग्रो नदीचे खोरे. ‘रिओ नेग्रो’ या शब्दांचा अर्थच ‘काळी नदी’. पावसाळ्यात ही नदी जंगलात शिरते. तेथे कुजणाऱ्या पानापाचोळ्याचा अर्क उतरून पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि त्याचा सामू ४ ते ५ च्या दरम्यान, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी असतो. अशा अंधूक पाण्यात आपल्या सोबत्यांना शोधायचे कसे? निऑन आणि कार्डिनलच्या अंगावरची निळी रेघ हेच त्याचे उत्तर असावे, असे मानले जाते. ही निळाई एखाद्या रंगद्रव्याची नसते. त्वचेतील विशिष्ट पेशींत सूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित होऊन ती दिसते. त्यामुळे रात्री दिवा मालवल्यावर ती फिकी पडते आणि सकाळी पुन्हा उजळते. पहाटे उठून काचपेटीत डोकावणाऱ्या नवख्या माणसाला मासे आजारी पडल्याची शंका येते. प्रत्यक्षात ते केवळ झोपेतून जागे होत असतात.

२. एकटा टेट्रा नसतोच

टेट्रा हा घोळक्याने राहणारा मासा आहे. घोळका ही त्याची हौस नसून त्याचे संरक्षण आहे. अनेक सारख्या आकृत्या एकदम हलल्या की शिकारी माशाला नेमके एकाला हेरणे अवघड जाते. या समूहजीवनाची आणखी एक बाजू आहे. मिनो नावाच्या माशांपैकी एकाची त्वचा जखमी झाली, तर तिच्यातून पाण्यात पसरणाऱ्या द्रव्यामुळे इतर मासे सावध होतात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दाखवून दिले. टेट्राही माशांच्या त्याच विशाल गटातील असून त्यांच्या अनेक जातींत ही यंत्रणा आढळते. एकाचे दुखणे इतरांपर्यंत असे पाण्यातून पोहोचते.

म्हणूनच ‘प्रत्येक रंगाचे दोन-दोन द्या’ ही खरेदीची रीत टेट्राच्या बाबतीत चुकीची ठरते. दोनच निऑन काचपेटीत सोडले, तर ते कोपऱ्यात दडून बसतात, रंग उतरतो, खाणे सुटते. काही जातींमध्ये याउलट घडते. घोळक्यात आपसांत पाठलाग करून ज्यांची रग जिरते, ते सर्पे टेट्रासारखे मासे संख्येने कमी असले की दुसऱ्या माशांचे पर कुरतडू लागतात. एका जातीचे किमान सहा आणि शक्यतो आठ ते दहा टेट्रा एकत्र ठेवावेत. पाच जातींचे दहा मासे ठेवण्यापेक्षा एका जातीचे दहा ठेवणे माशांच्या हिताचे असते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांनाही तेच अधिक सुखावते.

पाठगत प्रश्न १
(अ) निऑन आणि कार्डिनल टेट्रा यांतील फरक कोणत्या खुणेवरून ओळखावा?
(आ) दोनच निऑन टेट्रा ठेवल्यास कोणते परिणाम दिसतात?

३. न दिसणारी वस्ती

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. नवीन काचपेटीतील मासे का मरतात? पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत असते. पण स्वच्छ दिसणारे पाणी आणि राहण्याजोगे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मासे श्वसन करतात, खातात आणि उत्सर्जन करतात. त्यांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेले अन्न कुजल्याने पाण्यात अमोनिया साठतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. काचपेटीत त्याला जायला वाट नसते. अमोनिया कल्ले जाळतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि उष्ण, तितका तो अधिक घातक ठरतो. या विषाचा निचरा करणारे सफाई कामगार म्हणजे जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइट हेही विषच असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते. त्यातील काही पाणवनस्पती शोषून घेतात आणि उरलेले पाणी बदलताना बाहेर जाते.

हे जिवाणू दुकानातून आणलेल्या नव्या काचपेटीत नसतात. ते वाळूवर, पानांवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात. या वस्तीला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात काचपेटीत मासे नसावेत. फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि जिवाणूंना खाद्य मिळावे म्हणून माशांच्या अन्नाची चिमूट रोज टाकावी. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी काचपेटी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा विरजणासारखा उपयोगी पडतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच बाजारात मिळतात. दोन्हींचे प्रमाण शून्यावर येऊन तेथेच टिकले, म्हणजे पाणी तयार झाले असे समजावे.

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ हा उतावळेपणा काचपेटीला मानवत नाही. रिकाम्या पाण्याकडे महिनाभर पाहत राहणे कंटाळवाणे असते, हे खरे. परंतु या एका महिन्यावरच पुढे येणाऱ्या माशांचे जगणे अवलंबून असते.

४. पाणी जोखावे

‘पाणी जोखणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांसंबंधी वापरतो. टेट्रा पाळणाऱ्याने तो शब्दशः आचरणात आणावा. भारतात पाण्याचा स्वभाव गावोगावी बदलतो. कूपनलिकेचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग पडतात. निऑन व कार्डिनल यांना सुफेन, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. आज बाजारात मिळणारे बहुतेक निऑन मत्स्यशेतीत वाढवलेले असतात. त्यामुळे सामू सातच्या आसपास असलेल्या साध्या नळाच्या पाण्यातही ते रुळतात. कार्डिनल मात्र अधिक चोखंदळ असतो. पाणी फार दुष्फेन असेल, तर घरातील शुद्धीकरण यंत्राचे क्षारविरहित पाणी त्यात ठरावीक प्रमाणात मिसळता येते. तेवढा व्याप नको असेल, तर ब्लॅक विडोसारखा काटक टेट्रा निवडणे शहाणपणाचे. मात्र तो आकाराने मोठा होतो, हे ध्यानात ठेवून काचपेटीही मोठी घ्यावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माणसाला रोगांपासून वाचवते, पण माशांना आणि जिवाणूंना मारते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. काही ठिकाणी मात्र क्लोरामाइन वापरतात. ते असे उडून जात नाही. त्यासाठी क्लोरीन-प्रतिबंधक द्रव वापरावा लागतो.

तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस राखावे. दिल्ली, इंदूरकडील हिवाळ्यात त्यासाठी हीटर हवाच. नागपूर, हैदराबादकडील उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी काचपेटी उन्हापासून दूर ठेवावी, झाकण थोडे उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हे पाणीही दोन-तीन अंशांनी निवते. उघड्या फटीतून मासे उडी मारू नयेत म्हणून तेथे जाळी लावावी. वीज जाण्याचे प्रमाण अधिक असेल, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. वीज नसताना माशांना खायला घालू नये.

५. शेजार निवडताना

६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशा काचपेटीत ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वगळता प्रत्यक्षात ते ४५ लिटरच्या आसपास असते. एवढ्या पाण्यात दहा निऑन आणि तळाशी वावरणारे लहान जातीचे पाच-सहा कोरिडोरास सुखाने नांदतात. टेट्रा मधल्या थरात फिरतात, कोरिडोरास वाळू चाळतात. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. काचपेटी याहून मोठी असेल, तर हार्लेक्विन रास्बोरा किंवा मूळचा आपल्याच उपखंडातील झेब्रा डॅनिओ यांचा घोळका त्यांच्या सोबतीला ठेवता येतो.

शेजारी शांत असला म्हणजे पुरेसे होत नाही. एंजल मासा डौलदार आणि संथ असतो, पण पूर्ण वाढल्यावर तो निऑनला गिळतो. गोल्डफिश कोणाच्या वाटेला जात नाही. परंतु त्याला थंड पाणी लागते आणि तो फार घाण करतो. गप्पी गुणी खरा, तरी त्याला दुष्फेन पाणी मानवते. टायगर बार्ब चंचल, तो लांब पर ओरबाडतो. एकत्र नांदण्यासाठी स्वभाव जुळावा, आकार जुळावा आणि मुख्य म्हणजे सर्वांना एकच पाणी मानवावे.

नवे मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे काचपेटीत तरंगू द्यावी, मग तीत काचपेटीतले पाणी थोडे थोडे घालावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी आत ओतू नये. काचपेटीत आधीचे मासे असतील, तर नव्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवणे हिताचे असते. निऑनला होणारा एक सूक्ष्म परजीवीजन्य रोग असा आहे, की त्यात स्नायू पांढुरके पडतात, मासा घोळक्यापासून अलग होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. अशा माशाला ताबडतोब वेगळे करणे एवढाच उपाय उरतो.

६. रोजची दिनचर्या

टेट्राचे तोंड लहान असते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच बारीक केलेले अन्न द्यावे. उपाशी राहून मरणाऱ्या माशांपेक्षा जास्त अन्न कुजल्याने मरणारे मासे अधिक असतात. दर आठवड्याला साधारण एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे एक बादली पाणी नळीने उपसून तेवढेच क्लोरीनमुक्त, त्याच तापमानाचे पाणी भरावे. उपसलेले पाणी फेकू नये. त्यातील नायट्रेट हे कुंडीतल्या झाडांचे खतच असते. मात्र त्यात औषध घातलेले नसावे. फिल्टरचा स्पंज याच उपसलेल्या पाण्यात हलका पिळून घ्यावा. नळाखाली खसाखसा धुतला, की महिनाभराची जिवाणूंची वस्ती एका क्षणात नष्ट होते.

माशाला ओरडता येत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर पायांत घोटाळते. माशाची भाषा म्हणजे त्याचा रंग आणि त्याची हालचाल. तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला, तर पाण्यात प्राणवायू कमी किंवा अमोनिया जास्त आहे असे समजावे. पर मिटून एका जागी थरथरत असेल, तर काही बिघडले आहे. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर रोगाची सुरुवात झाली आहे. रोज पाच मिनिटे काचपेटीसमोर शांत बसून मासे मोजणे आणि त्यांच्याकडे पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची तपासणी होय.

७. काचेपलीकडची जबाबदारी

मासा विकत घेणाऱ्याचा संबंध एका दूरच्या नदीशीही येतो. रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोस या गावातील अनेक कुटुंबे होडीतून हातजाळ्यांनी कार्डिनल टेट्रा पकडून उपजीविका करतात. नदीचे पाणी ओसरले, की असंख्य मासे डबक्यांत अडकून एरवीही मरतात. त्यामुळे जपून केलेली मासेमारी तेथे टिकू शकते. जंगल राहिले तरच मासे राहतील, हे जाणणारी ही माणसे जंगल राखतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘पियाबा’ प्रकल्पाने हाच विचार पुढे नेला. याउलट केरळ-कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या नद्यांत राहणारा देखणा डेनिसन बार्ब शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी अतोनात पकडला गेला आणि संकटग्रस्त जातींच्या यादीत जाऊन बसला. हौस तीच असली, तरी विवेक असेल तर ती जंगल राखते आणि नसेल तर नदी रिकामी करते.

म्हणून कृत्रिम रंग टोचलेले मासे विकत घेऊ नयेत. टोचण्याची वेदना आणि पुढचे आजार माशाने सोसायचे आणि तो रंगही कालांतराने उडून जायचा! तसेच काचपेटी बंद करावी लागली, तर मासे नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नयेत. ते दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत. ‘मुक्त केले’ असे सोडणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात परका मासा एक तर मरतो, नाहीतर तेथल्या माशांच्या मुळावर उठतो. काचपेटीतले शेवाळ खातो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज उजनीच्या जलाशयातही कोळ्यांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी मात्र फाटतात.

टेट्राला पाळणाऱ्याचा लळा लागत नाही. तो मांडीवर बसत नाही, हाकेला ओ देत नाही. तरीही ज्याने त्याच्यासाठी महिनाभर रिकाम्या पाण्याची वाट पाहिली, त्याला एक गोष्ट उमगलेली असते. दुसऱ्या जिवाला आपल्या घरी आणण्याआधी त्याला जगता येईल अशी जागा तयार करावी लागते. तेवढे झाले, की दहा मासे एकाच वेळी वळतात आणि निळी रेघ आपोआप उजळते.

पाठगत प्रश्न २
(अ) नवीन काचपेटीत लगेच मासे का सोडू नयेत?
(आ) फिल्टरचा स्पंज नळाखाली का धुऊ नये?

शब्दार्थ

सामू – पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे दाखवणारे माप. ७ हा उदासीन
दुष्फेन – ज्यात साबणाला फेस येत नाही असे, क्षारयुक्त
सुफेन – ज्यात साबणाला सहज फेस येतो असे
कल्ले – माशाचे श्वसनाचे अवयव
पर – माशाचे पोहण्याचे अवयव
चोखंदळ – पारखून निवड करणारा, ज्याला सहज काही रुचत नाही असा

भाषाभ्यास

‘पाणी’ या शब्दाभोवती मराठीत अनेक वाक्प्रचार तयार झाले आहेत. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ पाहा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
पाणी जोखणे – योग्यता ओळखणे
पाण्यात पाहणे – द्वेष करणे
तोंडचे पाणी पळणे – अतिशय घाबरणे
पाणी सोडणे – हक्क किंवा आशा सोडून देणे

स्वाध्याय

१. ‘स्वच्छ दिसणारे पाणी आणि राहण्याजोगे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. एकत्र ठेवायचे मासे निवडण्याचे तीन निकष उदाहरणांसह लिहा.
३. कार्डिनल टेट्रा आणि डेनिसन बार्ब यांच्या उदाहरणांतून लेखात कोणता विचार मांडला आहे?
४. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण पाठात कोणत्या संदर्भात आली आहे? या म्हणीला साजेसा दुसरा प्रसंग पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. तुमच्या घरी येणाऱ्या पाण्याचा उगम, चव आणि साबणाला येणारा फेस यांचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) निऑनचा तांबडा पट्टा शरीराच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, तर कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत असतो. (आ) मासे कोपऱ्यात दडतात, त्यांचा रंग उतरतो व खाणे सुटते.
२. (अ) अमोनिया व नायट्राइट यांचे रूपांतर करणारे जिवाणू तेथे अद्याप वस्तीला आलेले नसतात. (आ) नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे व जोराने धुतल्यामुळे स्पंजावरील उपयुक्त जिवाणू नष्ट होतात.